चारशे चौरस फूट जागा आणि तीन कोटेशनं: जमीन झाकायला रोपं नेमकी किती लागतात?

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये बागेचा विषय हमखास निघतो. उन्हाळाभर टँकर मागवून जगवलेलं लॉन जागोजागी पिवळं पडलेलं असतं. कुणीतरी म्हणतं, हे काढून टाकू आणि जमिनीलगत पसरणारी झाडं लावू. ठराव मंजूर होतो, तीन नर्सरीवाल्यांकडून कोटेशन मागवलं जातं. जागा एकच, समजा ४०० चौरस फूट. पहिला लिहितो ४०० रोपं, दुसरा ९००, तिसरा १६००.

मग वाद सुरू होतो. पहिल्याला काम कळत नाही असं अर्ध्या कमिटीचं मत, तिसरा लुटायला बसलाय असं उरलेल्यांचं. मधला आकडा म्हणून ९०० वर सही होते. गंमत अशी की तिघांचंही गणित बरोबर आहे. पहिल्याने दोन रोपांत १२ इंच अंतर धरलं, दुसऱ्याने ८, तिसऱ्याने ६. अंतर किती हवं हे आपण सांगितलंच नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं. कोटेशनवर ते अंतर बहुतेक वेळा लिहिलेलंही नसतं.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ

ग्राउंडकव्हर म्हणजे उंच न वाढता आडवी पसरणारी आणि काही महिन्यांत माती दिसेनाशी करणारी झाडं. नर्सरीत सर्रास मिळणारी नावं घ्यायची तर वेडेलिया, जांभळ्या पानांचं सेटक्रेशिया, बुटकं रिओ, अल्टरनँथेरा, भुईमुगाच्या कुळातलं पिवळ्या फुलांचं एराकिस, ऑफिस टाइम म्हणजे पोर्चुलाका, सावलीसाठी ऑफिओपोगॉन आणि क्लोरोफायटम.

अंतर म्हणजे एका रोपाच्या बुंध्यापासून शेजारच्या रोपाच्या बुंध्यापर्यंतचं अंतर. पानांच्या मधली मोकळी फट नव्हे. इथे घोळ होतो. माळी दोन रोपांच्या पानांमध्ये वीतभर जागा सोडतो आणि ‘नऊ इंचांवर लावलंय’ म्हणतो, प्रत्यक्षात बुंध्यांमध्ये चौदा-पंधरा इंच पडलेले असतात.

गणित एका ओळीचं आहे

रोपं ओळीत आणि ओळींमध्ये सारख्याच अंतरावर लावायची असतील, तर प्रत्येक रोपाच्या वाट्याला अंतर गुणिले अंतर एवढा चौकोन येतो. एका चौरस फुटात १२ गुणिले १२ म्हणजे १४४ चौरस इंच. म्हणून १४४ ला अंतराच्या वर्गाने भागलं की चौरस फुटाला किती रोपं ते निघतं.

४ इंचांवर लावलं तर चौरस फुटाला ९ रोपं. ६ इंचांवर ४. ८ इंचांवर सव्वादोन. ९ इंचांवर पावणेदोनच्या किंचित वर. १० इंचांवर जवळपास दीड (नेमकं १.४४). १२ इंचांवर १. दीड फुटावर अर्ध्याहून थोडं कमी आणि दोन फुटांवर पाव, म्हणजे चार चौरस फुटांना एक रोप. आलेल्या आकड्याला एकूण चौरस फुटांनी गुणायचं, झालं.

नकाशा लँडस्केप सल्लागाराने काढलेला असेल तर तो मीटरमध्ये असतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ‘९ रोपं’ हा आकडा चौरस मीटरचा असेल तर अंतर साधारण १३ इंच, आणि चौरस फुटाचा असेल तर फक्त ४ इंच. कागदावर नुसतं ‘९ नग’ असेल तर कशाला नऊ ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. माळी फुटात बोलतो, कागद मीटरमध्ये असतो, आणि ऑर्डर दहापट चुकायला एवढं पुरतं.

अंतर निम्मं केलं की रोपं चौपट

बहुतेकांचा अंदाज चुकतो तो इथे. अंतर १२ वरून ६ इंच केलं तर रोपं दुप्पट लागतील असं सहज वाटतं, पण लागतात चौपट, कारण दाटी लांबीतही वाढते आणि रुंदीतही. अंतरात एखाद-दोन इंचांचा फरक किरकोळ वाटतो, बिलात तो किरकोळ राहत नाही. १० ऐवजी ८ इंच धरलं की रोपं दीडपटीहून जास्त होतात. म्हणून नर्सरीवाल्याशी रोपामागे रुपयाची घासाघीस करण्याआधी अंतरावर बोलावं. पैसे तिथे वाचतात.

मग जास्त पैसे दिल्यावर मिळतं काय?

वेळ. तेवढंच.

एक सोपा हिशेब करू. ओळीत लावलेल्या चार रोपांच्या मधोमध जो बिंदू असतो, तो सगळ्यांपासून सर्वांत लांब. तिथली माती झाकली गेली की जमीन झाकली गेली असं समजायचं. हा बिंदू प्रत्येक रोपापासून अंतराच्या साधारण ०.७ पट लांब असतो. म्हणजे १२ इंचांच्या लागवडीत साडेआठ इंच, ८ इंचांच्या लागवडीत पावणेसहाच्या आत, ६ इंचांच्या लागवडीत सव्वाचार.

आता समजा, पिशवीतून आलेलं रोप लावल्या दिवशी चहूबाजूंनी २ इंच पसरलेलं आहे आणि पावसाळ्यात महिन्याला आणखी २ इंच सरकतं. (हा वेग झाड, माती आणि उन्हानुसार बदलेल. तुमच्याकडे आधीपासून ते झाड असेल तर एका फांदीच्या टोकाशी काडी खोचा, महिन्याने मोजा आणि तो आकडा वापरा.) या वेगाने ६ इंचांची लागवड महिन्याभरात मिळून येते, ८ इंचांची दोन महिन्यांच्या आत आणि १२ इंचांची सव्वातीन महिन्यांत.

रोप १० रुपयांचं धरलं तर आपल्या ४०० चौरस फुटांचा खर्च अनुक्रमे १६,०००, ९,००० आणि ४,००० रुपये. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनमधला १२,००० रुपयांचा फरक हा दोन-सव्वादोन महिने लवकर हिरवं दिसण्याचा आहे. दिवाळीला तिन्ही बागा सारख्याच दिसणार.

विरळ लावल्यावर त्या दोन महिन्यांत खुरपणी जास्त करावी लागते, हे खरं. मोकळ्या मातीवर पावसात केना, गाजर गवत, घोळ सगळं उगवतं. ४०० चौरस फुटांची खुरपणी एका माणसाचं फार तर अर्ध्या दिवसाचं काम. पंधरवड्याला एकदा धरली तर दोन महिन्यांत चार वेळा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. ती बारा हजार होत नाही. जागा मोठी असेल, खुरपायला माणूस मिळतच नसेल किंवा उतारावर माती वाहून जाण्याची भीती असेल, तर मात्र दाट लावण्यात अर्थ आहे.

‘पैशांचा प्रश्न नाही, दाटच लावा’ असं म्हटलं तर?

लावता येतं, पण त्याची किंमत नंतरही मोजावी लागते. पसरणाऱ्या झाडांना पसरायला जागाच ठेवली नाही की ती एकमेकांवर चढतात, उंच आणि लुकडी होतात. वरून गच्च दिसतं, हात घालून बाजूला केलं की खाली नुसत्या उघड्या काड्या. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत खाली हवा खेळत नाही आणि बुंधे कुजतात. मग विरळणी करावी लागते, म्हणजे पैसे देऊन लावलेलं उपटायचं.

गच्च लागवडीचा आग्रह बरेचदा उद्घाटनासाठी असतो. फीत कापायच्या दिवशी बाग भरलेली दिसली पाहिजे, फोटो चांगला आला पाहिजे. ठेकेदाराला त्यात वावगं काहीच नाही, तो रोपांच्या संख्येवर बिल करतो. पण आपल्याला त्या बागेत पुढची दहा वर्षं राहायचंय.

ठिपक्यांच्या रांगोळीतलं गणित

आतापर्यंत आपण रोपं ओळीखाली ओळ अशी चौकोनात मांडली. दुसरी मांडणी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ठिपक्यांची रांगोळी काढताना कधी ‘११ ते ११’ ठिपके देतात, कधी ‘११ ते ६’. पहिल्यात प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर खाली ठिपका. दुसऱ्यात मधल्या ओळीत ११ आणि वर-खाली एकेक कमी होत ६, आणि प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली येतो. माळी याला ‘झिगझॅग’ म्हणतात, फळबागेची पुस्तकं ‘षट्कोनी पद्धत’.

दोन्ही रांगोळ्या जमिनीवर काढून बघा. ‘११ ते ११’मध्ये चार ठिपक्यांच्या मधे एक चौकोनी मोकळी जागा राहते. ‘११ ते ६’मध्ये मोकळी जागा तीन ठिपक्यांमधली, आणि ती बरीच लहान. बागेत तण उगवतं ते याच मोकळ्या जागांत.

ठिपक्यांमधलं अंतर तेच ठेवून झिगझॅग केलं की ओळी एकमेकींच्या जवळ सरकतात. १२ इंचांच्या लागवडीत दोन ओळींमध्ये १२ ऐवजी १०.४ इंच राहतात. त्यामुळे त्याच जागेत साधारण १५ टक्के जास्त रोपं मावतात. फळबागेत हा फायदा मानतात, कारण तिथे जास्त झाडं बसवायची असतात.

म्हणजे झिगझॅग महागच पडणार ना?

अंतर तेच ठेवलं तर पडेल. पण झिगझॅगमध्ये अंतर वाढवता येतं, आणि हे कुणी सांगत नाही.

जमीन कधी झाकली जाणार हे सर्वांत लांबच्या बिंदूवर ठरतं, हे वर आलंच. चौकोनी लागवडीत १० इंच अंतर असेल तर तो बिंदू रोपापासून ७.१ इंचांवर. झिगझॅगमध्ये १२ इंच अंतर ठेवलं तर तो बिंदू फक्त ६.९ इंचांवर. म्हणजे दोन इंच विरळ लावूनही जमीन थोडी आधीच झाकली जाते. आणि रोपं? चौरस फुटाला १.४४ ऐवजी १.१५. आपल्या ४०० चौरस फुटांत ५७६ ऐवजी ४६२, म्हणजे ११४ रोपं कमी.

ही काही माळीकामातली युक्ती नाही. सारख्या आकाराच्या वर्तुळांनी सपाट जागा पूर्ण झाकायची असेल तर सर्वांत कमी वर्तुळं याच मांडणीत लागतात, हे रिचर्ड कर्शनर या अमेरिकन गणितज्ञाने १९३९ साली सिद्ध केलं. (हेच कर्शनर पुढे अमेरिकेच्या ‘ट्रान्झिट’ या उपग्रहांवरून जहाजांना ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणेच्या कामाचे प्रमुख होते. रोपांशी त्यांचा संबंध आला असण्याची शक्यता कमीच.) कागदावरची बचत २३ टक्क्यांपर्यंत जाते. आपण सोयीसाठी पूर्ण इंच धरले म्हणून ती २० टक्के आली.

प्रत्यक्ष आखणी अवघड नाही. सुतळीला दर १२ इंचांवर गाठ मारायची. पहिली ओळ ताणून प्रत्येक गाठीशी फक्कीची चिमूट टाकायची. मग सुतळी साडेदहा इंच पुढे सरकवायची आणि अर्धी गाठ, म्हणजे ६ इंच, बाजूला ओढायची. साडेदहा इंचांची एक काठी कापून हाताशी ठेवली की टेप सारखा काढावा लागत नाही. फक्की पडेपर्यंत एकही रोप पिशवीतून काढू द्यायचं नाही, एवढं मात्र पाहावं. एकदा हात चालू झाला की माळी नजरेने लावत जातो, आणि नजर ओळीच्या शेवटाकडे आखडत जाते.

जागा चौकोनी नसेल तर?

बहुतेक नसतेच. वाटेच्या कडेचा नागमोडी पट्टा घेऊ. लांबी ३० फूट. त्याचे ५-५ फुटांचे सहा तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर रुंदी मोजायची. समजा त्या ६.५, ८, ९.५, ९, ७.५ आणि ६ फूट आल्या. बेरीज ४६.५, गुणिले ५, म्हणजे दोनशे साडेबत्तीस चौरस फूट. वळणं फारच तीव्र असतील तर तुकडे ३ फुटांचे करावेत.

यातून वजाबाकी करायची. पट्ट्यात दोन झाडं असतील तर प्रत्येकाभोवती तीन फूट व्यासाचं आळं मोकळं सोडावं. ते प्रत्येकी सात चौरस फूट, दोन्ही मिळून १४. ड्रेनेजच्या चेंबरचे ४. उरले साधारण २१४. झिगझॅग १२ इंचांनी २४७ रोपं. चौकोनी १० इंचांनी ३०८ लागली असती.

चेंबर वजा करायला लोक विसरत नाहीत, पण त्याच्यावर रोपं लावायलाही विसरत नाहीत. महिन्याभरात झाकण उघडायची वेळ येते आणि तेवढा चौकोन तुडवला जातो.

उतार असेल तर नकाशावरचं क्षेत्रफळ वापरू नका. नकाशा वरून पाहिल्यासारखा, सपाट असतो, रोपं मात्र उताराच्या अंगावर लागतात. दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट चढणारा उतार असेल तर प्रत्यक्ष जमीन नकाशापेक्षा १२ टक्के जास्त भरते. कोकणात, गोव्यात किंवा घाटमाथ्यावर टेकडी कापून बांधलेल्या बंगल्यांत हे ध्यानात ठेवावं. टेप जमिनीला लावूनच मोजावा.

काठावर हिशेब का चुकतो?

वरचं गणित एक गोष्ट गृहीत धरतं. पहिली ओळ काठापासून अर्धं अंतर आत असते, १२ इंचांच्या लागवडीत ६ इंच. पण बहुतेक माळी पहिली ओळ अगदी काठाला लावतात. मोठ्या चौकोनात त्याने फार बिघडत नाही. २० फूट गुणिले २० फूट जागेत ४०० च्या जागी ४४१ लागतील. चिंचोळ्या पट्ट्यात मात्र मोठा फरक पडतो. कंपाउंडच्या भिंतीलगत ५० फूट लांब आणि २ फूट रुंद पट्टा घ्या. क्षेत्रफळ १०० चौरस फूट, गणिताने १०० रोपं. दोन्ही काठांना धरून लावली तर तीन ओळी आणि प्रत्येकीत ५१, म्हणजे १५३. रोपं ‘कमी पडली’ म्हणून माळी पुन्हा नर्सरीत जातो, आणि आपल्याला वाटतं आपलाच हिशेब चुकला.

काठाला लावण्यात दुसरीही खोट आहे. दोन महिन्यांत फांद्या वाटेवर येतात आणि त्या कापत बसावं लागतं. अर्धं अंतर आत लावलेलं रोप काठापर्यंत येऊन मग थांबवायचं असतं, त्यात कात्री निम्मी चालते.

कुठल्या झाडाला किती अंतर?

झाड कसं पसरतं त्यावर ठरतं. वेडेलिया, एराकिस, सेटक्रेशिया यांच्या फांद्या जमिनीला टेकल्या की पेरांना मुळं सुटतात आणि झाड चालत पुढे जातं. यांना १० ते १२ इंच भरपूर झालं, वेडेलियाला दीड फूटही चालतो. रिओ, क्लोरोफायटम, ऑफिओपोगॉन हे झुबक्याने वाढतात. शेजारी नवे फुटवे येतात, पण सावकाश. रिओला ८-९ इंच, क्लोरोफायटमला तेवढंच किंवा थोडं जास्त. बुटका ऑफिओपोगॉन फारच संथ, त्याला ४ इंच, म्हणजे चौरस फुटाला ९. म्हणून सावलीतला छोटा तुकडासुद्धा महाग पडतो. अल्टरनँथेरा आणि पोर्चुलाका ६ ते ८ इंचांवर. लोंबती लँटाना दीड ते दोन फुटांवर.

आंब्याखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली लावायचं असेल तर अंतर एक तृतीयांशाने कमी धरावं. ऊन कमी, मुळांशी पाण्याची ओढाताण, त्यामुळे वाढ रेंगाळते. आणि उन्हातलं झाड तिथे दाट लावून भागत नाही. पोर्चुलाका सावलीत कितीही लावला तरी फुलणार नाही.

वेडेलियाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत कमी रोपांत सर्वांत जास्त जमीन तेच झाकतं आणि म्हणूनच प्रत्येक कोटेशनमध्ये असतं. ते मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींची यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूसीएनने, केली आहे. तिच्यात आपली घाणेरी आहे तसं वेडेलियाही आहे. चारी बाजूंनी फरशी असलेल्या पट्ट्यात ते निभतं. ओढ्याच्या, नाल्याच्या किंवा रानाच्या कडेला लावू नये. छाटलेल्या फांद्या ओढ्यात टाकणं म्हणजे तर तिथेही लागवड करणंच. माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, एराकिस घ्यावं. मुळांवरच्या गाठींमुळे ते हवेतला नत्र मातीत आणतं आणि फुलंही पिवळीच देतं.

मोठ्या पिशवीतलं रोप घेतलं तर कमी लागतील का?

थोडी, पण परवडत नाही. मोठं रोप सुरुवातीला दोन-तीन इंच जास्त जागा झाकतं, म्हणजे एखाद महिना वाचतो. किंमत मात्र बरेचदा दुप्पट-तिप्पट. शिवाय लहान रोप नव्या मातीत लवकर रुळतं.

त्याऐवजी पिशवीत डोकावून बघावं. सेटक्रेशिया, वेडेलिया, एराकिसच्या एका पिशवीत नर्सरीवाले तीन-तीन, चार-चार काड्या खोचतात, म्हणजे पिशवी भरलेली दिसते. प्रत्येक काडीला मुळं असतील तर ती तीन रोपं झाली. पावसाळी, ढगाळ दिवशी मातीचा गड्डा हलक्या हाताने मोकळा करून ती वेगळी लावता येतात. वरच्या पट्ट्याला लागणारी २४७ रोपं अशा ८०-९० पिशव्यांत निघू शकतात. रिओच्या पिशवीत मात्र एकच रोप असेल तर एकच. कोटेशनमध्ये ‘नग’ म्हणजे पिशवी की रोप, हे म्हणूनच विचारून घ्यावं.

सगळी विकत घ्यायचीच कशाला?

घाई नसेल तर नकोतच. जूनमध्ये पाव किंवा तिसरा हिस्सा रोपं आणून एका बाजूला ठरल्या अंतराने लावावीत. ऑगस्टमध्ये त्यांच्याच फांद्यांचे चार-सहा इंचांचे, दोन-तीन पेरं असलेले तुकडे काढून, खालची पानं खुडून, एक-दोन पेरं मातीत जातील असे उरलेल्या जागेत खोचावेत. सेटक्रेशियाचा तुकडा तर पावसात नुसता पडला तरी रुजतो. उरलेल्या जागेवर तोवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकून ठेवावं, नाहीतर ऑगस्टपर्यंत तिथे रान माजतं.

लव्हाळा असेल तर मात्र आधी तो खणून काढल्याशिवाय काहीच लावू नये. जमिनीखाली त्याच्या गाठी असतात. आच्छादन आणि ग्राउंडकव्हर दोन्ही भेदून तो वर येतो, आणि एकदा झाडं पसरली की त्यांच्यामधून तो उपटणं अशक्य. रोपं कितीही दाट लावली तरी त्याच्यावर उपाय होत नाही.

शेवटचे दहा टक्के

काही रोपं मरतात. एखादी ओळ कुत्री उकरतात, एखाद्या कोपऱ्यात पाणी साचतं, एखाद्या पिशवीत मुळंच नसतात. हिशेबाने आलेल्या आकड्यात दहा टक्के वाढवून ऑर्डर द्यावी. २४७ ची २७२. भर उन्हाळ्यात लावायचं असेल तर पंधरा टक्के, पण मुळात तेव्हा लावूच नये.

ही जास्तीची २५ रोपं लागवडीच्या दिवशी जागेत कोंबायची नाहीत. माळी ‘उरलीच आहेत तर’ म्हणून तेच करायला बघतो. एखाद्या कोपऱ्यात, नळाजवळ, ती पिशव्यांसकट ठेवून द्यावीत आणि तीन आठवड्यांनी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला काढावीत. नंतर नर्सरीतून आणलेलं रोप त्याच जातीचं असेलच असं नाही. अल्टरनँथेरा आणि रिओमध्ये तर पानांच्या रंगाचे इतके प्रकार येतात की हिरव्या-जांभळ्या पट्ट्यात मधेच एक गुलाबी ठिगळ दिसतं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्याच्यावर वीस मिनिटं जातात.